गच्ची ते दिवाणखाना, व्हाया उपग्रह

साताऱ्यातल्या एका दुमजली घरात रविवारी सकाळी छत्री बसवायचं ठरलं. छत्री म्हणजे डिश, ती फुकटातली, दूरदर्शनच्या फ्री डिशची. मिस्त्रीनं बसवणावळ सांगितली आणि मामांच्या कपाळाला आठी पडली. "चार बोल्ट आवळायचे त्याचे पैसे?" मामा ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले, शिवाय गल्लीतल्या सगळ्यांचे मामा. त्यामुळे सल्लागारांची वाण नव्हती.

खांबाचा प्रश्न सर्वांत आधी सुटला. कपडे वाळत घालायच्या दोरीचा लोखंडी पाइप मामींना न विचारता मोकळा करण्यात आला. तो ओळंब्यात उभा हवा, हे मात्र मामांना पक्कं ठाऊक होतं. पाइप कलला तर डिशच्या मागे छापलेले अंशांचे आकडे भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडराइतकेच कामाचे. त्यांनी खरोखरच ओळंबा सोडला. त्या दिवशी अचूक झालेलं ते बहुधा एकमेव काम.

डिश ज्याच्याकडे रोखायची त्या उपग्रहाचं नाव जीसॅट-15. नोव्हेंबर 2015 मध्ये फ्रेंच गयानातल्या कुरूहून तो वर गेला आणि 93.5 अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या डोक्यावर जाऊन बसला. साताऱ्याहून बघितलं तर आग्नेयेला, क्षितिजापासून जवळजवळ साठ अंश वर. आग्नेय कुठली, हे ठरवायला फोनमधलं होकायंत्र काढलं. टाकीच्या लोखंडी स्टँडजवळ धरलं तर आग्नेय शेजाऱ्यांच्या गच्चीवर गेली, कठड्याच्या सळयांजवळ धरलं तर जिन्यात आली.

डिश बघून मामा आणखीच बुचकळ्यात पडले. साठ अंश वर बघायचं, तर ही बया समोरच्या सिंटेक्सच्या टाकीकडे बघत होती! घरगुती डिश ऑफसेट जातीची असते. एलएनबीची, म्हणजे पुढच्या दांड्यावरच्या संदेश टिपणाऱ्या डबीची, सावली तिच्या तोंडावर पडू नये म्हणून तबकडी वीस-पंचवीस अंशांनी खाली झुकवलेली असते. दिसते टाकीकडे बघताना, ऐकते आभाळातलं. मामांना हा लबाडपणा मानवला नाही. त्यांनी तबकडी साठ अंशांवर नेली आणि तिची नजर थेट डोक्यावरच्या घारींवर गेली.

"विज्ञानकथालेखक आर्थर क्लार्कनं 1945 साली अशा एका जागी बसणाऱ्या उपग्रहांची कल्पना मांडली," भाचा म्हणाला, "तरी 1975 मध्ये कोलंबोतल्या त्याच्या घरी डिश बसवायला इस्रोचे इंजिनिअर गेले होते."

"त्याला बोल्ट आवळता येत नसेल," मामा म्हणाले.

आता निरोपाची व्यवस्था. मामा गच्चीवर, भाचा जिन्याच्या वळणावर, सूनबाई दिवाणखान्याच्या दारात आणि मामी टीव्हीसमोर. उपग्रहाचा संदेश साडेछत्तीस हजार किलोमीटर कापून सेकंदाच्या आठव्या हिश्शात गच्चीवर येतो. मामींचं "आलं" वर पोचायला दहा सेकंद लागत, तोवर मामांनी डिश पुढे ढकललेली असे. मग खालून "गेलं!"

त्यात मामी वाचत होत्या पडद्यावरच्या दोन पट्ट्यांतली वरची, सिग्नलच्या स्ट्रेंथची. ती पट्टी पहिल्यापासूनच भरलेली, कारण एलएनबीला वीज मिळाली की ती पट्टी बऱ्यापैकी फुगते, डिश देवळाच्या कळसाकडे का असेना. बघायची ती खालची, क्वालिटीची. जुन्या ॲंटेनाच्या काळात बरं होतं. मुंग्यांतून निवेदिकेचा अर्धा चेहरा दिसला तरी हुरूप येई, मुंग्या कमी-जास्त झाल्या की दिशा कळे. डिजिटलमध्ये मुंग्याच नाहीत. एकतर सगळं, नाहीतर काळी काच.

साडेबाराला क्वालिटी उसळली. वर जल्लोष, खाली चॅनेलांचा शोध सुरू. यादी लांबलचक आली आणि प्रत्येक नावापुढे डॉलरचं चिन्ह! डिश पूर्वेकडे जरा जास्त वळून 95 अंशांवरच्या, पैसे भरणाऱ्यांच्या उपग्रहाला जाऊन मिळाली होती. साठ सेंटिमीटरच्या तबकडीची कड सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटर सरकली की आभाळातलं घर बदलतं.

शेवटी भाच्यानं मामींना व्हिडिओ कॉल लावून फोन क्वालिटीच्या पट्टीसमोर धरायला लावला. आपली साखळी मोडल्याचं मामांना वाईट वाटलं. पण डिश केसभर हलवायची, सेट-टॉप बॉक्सला दोन-तीन श्वास घेऊ द्यायचे, मग पुन्हा केसभर, या रीतीनं वीस मिनिटांत काम फत्ते झालं. मामांनी बोल्ट आवळले, पाइपावर ऑइलपेंटची खूण केली आणि खाली येऊन सह्याद्रीवरच्या बातम्या जेवणाचं ताट न हलवता पाहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामी धुण्याची बादली घेऊन गच्चीवर गेल्या. दोरीचं एक टोक नेहमीच्या हुकाला होतं, दुसऱ्याला पाइप नव्हता. मात्र एलएनबीचा दांडा अगदी हाताशी, मजबूत आणि बरोबर उंचीवर होता. त्यांनी गाठ मारली, दोरी ताणली आणि मामांचं ओलं धोतर टाकलं.

"गेलं!" खालून मामा ओरडले.