शेजारधर्म

घरी जोडलेला संगणक स्वस्त पडतो म्हणतात. पडतो खरा, माझा तर दर वीस मिनिटांनी पडायचा. निळा पडदा, त्यावर दुर्मुखलेला चेहरा आणि मेमरीच्या नावानं काहीतरी पुटपुट. शेजारचे काका म्हणाले, "विंडोज परत टाक." विंडोज परत टाकणं हा आपल्याकडचा सुंठीचा काढा. तो मी तीनदा पाजला.

मग दुकानदाराचा उपाय: रॅमची सोनेरी पट्टी खोडरबरानं घासा. पुसायच्या वस्तूनं स्मरणशक्ती सुधारायची! घासली. ढिम्म.

शेवटी पेनड्राइव्हवरून रॅम तपासणारा मेमटेस्ट रात्रभर लावला. सकाळी पडदा लालेलाल. दोन्ही रॅम एकेकट्या तपासल्या, तर दोघी सोवळ्या. एकत्र नांदवल्या की भांडण. पाहतो तो दोघी शेजारीशेजारी खोचलेल्या! चार खाचांच्या बोर्डावर दोनच रॅम असतील तर सहसा प्रोसेसरकडून दुसरी आणि चौथी खाच, हे पुस्तिकेत छापलेलं असतं. पुस्तिका खोक्यात, खोकं माळ्यावर.

जागा बदलल्या, चुका कमी झाल्या. उरलेल्या माझ्या हौसेच्या. वेष्टनावर ३६०० हा वेग पाहून मी बायोसमध्ये तो गाठून देणारं एक्सएमपी चालू केलं होतं. हा आकडा म्हणजे स्थळाच्या बायोडेटातली उंची, टाचांसकट मोजलेली. प्रोसेसर बनवणाऱ्यांच्या लेखी ते ओव्हरक्लॉकिंगच. ३२०० वर आणलं आणि मेमटेस्टच्या चारही फेऱ्या शून्य चुकांनी पार.

काकांना सांगितलं. म्हणाले, "बघ, मी म्हटलंच होतं. विंडोज."