वांगं निर्दोष, चीज आरोपी

मराठी घरात डिप्रेशनची गोळी सुरू झाली की पथ्य मागाहून येत नाही, ते गोळीच्या आधीच दारात हजर असतं. काकू आंबट बंद करतात, मामा तिखट, आणि वांगं कुठल्याही आजारात वातूळ म्हणून आपोआप हद्दपार होतं. आत्या तर गोळीच बंद करायला सांगतात. यातलं काहीही डॉक्टरांनी सांगितलेलं नसतं. गंमत म्हणजे या औषधांच्या एका जुन्या जातीला खरंच कडक पथ्य आहे, पण त्यात वांग्याचं नाव नाही. त्यात आहे मुरलेलं चीज.

या जातीचा जन्म क्षयाच्या वॉर्डातला. १९५२ साली न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड दिलं, तर रुग्ण खुलले, वॉर्डात नाचू लागले. पुढे मनोविकारतज्ज्ञांनी हे औषध उचललं आणि त्याची भावंडंही बाजारात आली.

मग काही रुग्णांची डोकी अचानक फुटायला आल्यासारखी दुखू लागली. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातले तरुण डॉक्टर बॅरी ब्लॅकवेल कारण शोधत होते. त्यांना नॉटिंगहॅमच्या रो नावाच्या फार्मासिस्टचं पत्र आलं: बायको ही गोळी घेते, चीज खाल्लं की तिचं डोकं ठणकतं, दूध-लोणी मात्र चालतं. नवऱ्याचं बायकोच्या ताटाकडे इतकं बारीक लक्ष असल्याचा पुरावा वैद्यकाच्या इतिहासात विरळाच! डॉक्टरमंडळींना आधी हसूच आलं. ब्लॅकवेल यांनी स्वतः गोळ्या घेऊन वर चीज खाल्लं, तर काहीच झालं नाही. वॉर्डातल्या रुग्णांमध्ये मात्र चीजपाठोपाठ रक्तदाब उसळताना दिसला, आणि १९६३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लेख आला.

चीज मुरताना त्यात टायरामिन तयार होतं. एरवी आतड्यातलं आणि यकृतातलं एक विकर त्याचा निकाल लावतं. गोळी नेमकं तेच विकर बंद पाडते. मग टायरामिन बिनधास्त रक्तात शिरतं, बीपी भसाभस चढतं आणि क्वचित मेंदूत रक्तस्रावापर्यंत पाळी येते. म्हणून पथ्याच्या यादीत यीस्टचं मार्माइट आहे, मुरवलेलं सॉसेज आहे, पिंपातली बिअर आहे आणि आपल्या चायनीजच्या गाडीवरचा सोया सॉसही. ताज्या पनीरमध्ये टायरामिन अगदी कमी. केळ्याच्या गरातही फारसं नाही, ते असतं सालीत. कच्च्या केळ्याच्या सालीची चटणी करणाऱ्या सुगरणींनी तेवढं ध्यानात घ्यावं. सर्दीचं औषध मात्र या गोळीबरोबर मनाने घ्यायचं नाही, त्यातलं नाक मोकळं करणारं द्रव्यही बीपी चढवतं.

आज बहुतेकांना मिळतात त्या एसिटालोप्राम, सर्ट्रालिनसारख्या गोळ्या. त्यांना चीजचं वावडं नाही. उलट चिवट क्षयावर दिलं जाणारं लिनेझोलिड तेच विकर थोडंफार अडवतं, त्यामुळे क्षयाच्या औषधातून जन्मलेलं पथ्य फिरून क्षयरोग्याच्याच ताटात आलं आहे.

घरच्या पथ्यमंडळाला ज्याच्यावर कधीच संशय येत नाही, तो म्हणजे चहा. फ्लुवॉक्सामिन नावाची डिप्रेशनचीच एक गोळी चहातल्या कॅफीनचा निचरा रोखते. एरवी पाचेक तासांत निम्मं होणारं कॅफीन एका अभ्यासात ३१ तासांपर्यंत रेंगाळलं. म्हणजे काकूंनी ‘जरा तरतरी येईल’ म्हणून दुपारी चारला दिलेला कप दुसऱ्या दिवशी रात्री अकरालाही निम्मा शिल्लक, आणि झोप का येत नाही म्हणून वांग्याची पुन्हा चौकशी.