बादशहाच्या घरच्या गोष्टी

"वहिनी, ऐकलंत का? बादशहानं बायकोची जरीची रेशमी वस्त्रं लिलावात काढली!"

"अगं बाई! कुठला हो हा बादशहा, काकू?"

"रोमचा, मार्कस ऑरेलियस. इ. स. 161 ला गादीवर बसला. लायब्ररीतून पुस्तक आणलंय, रात्री सोडवेना."

"बायकोच्या वस्त्रांवर का उठला मेला?"

"खजिना रिकामा ना! पूर्वेची लढाई जिंकून सैन्य परतलं, ते साथ घेऊनच. माणसं पटापट गेली. त्यात उत्तरेकडून डॅन्यूब ओलांडून टोळ्या चालून आल्या. लोकांवर नवा कर लादायला मन होईना. मग ट्राजनच्या चौकात राजवाडाच मांडला म्हणा ना! सोन्याचे नि स्फटिकाचे पेले, हेड्रियन बादशहाच्या कपाटातली रत्नं, त्यातच राणीची वस्त्रं. दोन महिने लिलाव चालला म्हणे. पुढं पैसा आल्यावर जाहीर केलं, वस्तू परत द्या नि पैसे न्या. नसेल द्यायची तर राहू दे, सक्ती नाही."

"हे आवडलं मला. नाहीतर काटकसर म्हटली की आधी शिपायाचा चहा बंद होतो."

"माणूस होताच तसा. सिनेट त्याला एकट्याला बसवत होतं, तर हा अडून बसला. म्हणे, दत्तक भाऊ लुशियस व्हेरसलाही बरोबरीनं बसवा. पोरगीही दिली त्याला, लुसिला."

"जमलं का दोघांचं?"

"व्हेरस खाण्यापिण्यातला, पण ह्यानं सांभाळून घेतलं. 169 मध्ये व्हेरस गेला, तर सुतक फिटायच्या आत पोरीचं दुसरं लग्न! जावई पॉम्पियानस, कर्तबगार सेनापती, पण वयानं केवढा मोठा, नि घराणं साधं. मायलेकी दोघी फुरंगटल्या."

"फुरंगटणारच! आणि राणी कशी होती हो?"

"फाउस्टिना? हळू बोला. 175 मध्ये बादशहा मेल्याची आवई उठली. तिकडे सीरियात अविडियस कॅसियस नावाच्या सेनापतीनं लगेच स्वतःला बादशहा म्हणवून घेतलं. फूस राणीचीच, असं लोक कुजबुजायचे. तीनेक महिन्यांत त्याच्याच माणसांनी त्याला मारून मुंडकं पाठवलं. मार्कसनं बघितलंसुद्धा नाही, पुरून टाका म्हणाला. बंडवाल्यांची पत्रं तर न वाचता जाळली म्हणतात."

"न वाचता? मी आधी वाचली असती, मग जाळली असती."

"म्हणजे आयुष्यभर नावं डोक्यात घेऊन बसला असता! ह्याला सूड नको होता, राज्य चालवायचं होतं."

"एवढा शहाणा, मग काही चुकलंच नाही का?"

"चुकलं ना, पोराच्या बाबतीत. आधीच्या चार बादशहांनी दत्तक घेऊन वारस नेमला होता. ह्यानं 177 मध्ये मिसरूडही न फुटलेल्या कोमोडसला बरोबरीचा बादशहा केला. 180 ला बाप गेला. पोरगा आखाड्यात ग्लॅडिएटर म्हणून उतरायला लागला. 192 च्या शेवटच्या दिवशी गळा दाबून मारला त्याला."

"पण काकू, त्या चौघांना मुलगा होता कुठं? जावयाला गादी दिली असती, तर त्या पोराला कोणी जिवंत ठेवलं असतं का? बापानं काय करायचं?"

"तेही खरंच. डझनावर लेकरं झाली, त्यात मुलगा हा एकच उरलेला. पण वहिनी, राणीच्या कपाटाला हात घालताना कचरला नाही, नि पोराची पाळी आली तेव्हा नेमका कचरला."

"नि त्या जावयाचं काय झालं?"

"193 मध्ये त्याला गादी देऊ केली होती म्हणे. नको म्हणाला. वय झालंय, डोळेही अधू झालेत, अशी सबब."

"शहाणा दिसतो."

"म्हणून तर म्हणते, तोच बसायला हवा होता!"