रुंद चाक : लक्षण, उपयोग व पार्किंग

कंपनीने गाडीला दिलेल्या चाकापेक्षा रुंद, महाग आणि गाडी उभी असताना अधिक कामाला येणारे चाक म्हणजे रुंद चाक. त्याचे भाग दोन. आतली धातूची रिम, जिला जुने गॅरेजवाले अजूनही ‘मॅग व्हील’ म्हणतात, आणि तिच्यावर ताणून बसवलेला टायर. मॅग हे मॅग्नेशियमचे संक्षिप्त रूप. बाजारात मिळणाऱ्या या रिमा बहुतेक अ‍ॅल्युमिनियमच्या असतात, पण एवढे पैसे मोजल्यावर रिम खरवडून पाहण्याचे धैर्य कोणाला होत नाही.

चाकाच्या रुंदीचा सोस जुना आहे. १७५३ साली ब्रिटिश संसदेने कायदा करून घोडे जुंपलेल्या जड मालगाड्यांची चाके किमान ९ इंच रुंद असावीत असे ठरवले, कारण अरुंद चाके रस्त्यात चर पाडत. ९ इंच म्हणजे सुमारे २२९ मिलिमीटर. माहीमच्या हौशी स्विफ्टवाल्याची धाव साधारण २०५ पर्यंत. म्हणजे या शास्त्रात तो अजून घोड्यांच्या मागेच आहे. त्या काळी चाकापासून रस्ता वाचवणे हा सरकारचा प्रश्न होता. रस्त्यापासून चाक वाचवणे हा प्रश्न नंतर आला आणि तो सरकारने गाडीमालकाकडे सोपवला.

मुंबईचा स्वतःचा इतिहास मात्र अरुंद चाकांचा आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनणाऱ्या पद्मिनीचा टायर ५.२०-१४ मापाचा, म्हणजे रुंदीला जेमतेम १३२ मिलिमीटर. त्याच्यावर मागे तिघे-चौघे, मांडीवर मुले आणि टपावर वळकट्या असे काळ्या-पिवळ्या टॅक्सीने अनेक दशके वाहिले. ऑक्टोबर २०२३ अखेर पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली ती वयोमर्यादेमुळे. चाके बारीक आहेत म्हणून तिला कोणी अडवल्याची नोंद नाही.

टायरचे माप त्याच्या अंगावरच छापलेले असते. स्विफ्टच्या साध्या मॉडेलवर ‘१६५/८० आर १४’ असे दिसे. १६५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ८० म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ८० टक्के, अर्थात १३२ मिलिमीटर. १४ हा रिमचा इंचांतला व्यास. मधला ‘आर’ रेडियल या बांधणीचा, पण दुकानात तो ‘रेडियस’ म्हणून उच्चारला जातो. त्रिज्या खरोखरच १४ इंच असती, तर स्विफ्टची रिम ट्रकच्या रिमपेक्षा मोठी निघाली असती. दुकानदार ही दुरुस्ती ऐकून घेतो आणि पुन्हा ‘रेडियस’च म्हणतो.

या मापावरून पुढे जाण्याचे मार्ग दोन. पहिल्या मार्गात हिशेब असतो : १६५/८० आर १४ चा पूर्ण व्यास सुमारे ६२० मिलिमीटर आणि १९५/५५ आर १६ चा ६२१. रिम दोन इंचांनी वाढली, टायर ३० मिलिमीटरने रुंदावला, तरी एकूण व्यास राहिला जागच्या जागी. ही किमया साइडवॉलच्या जिवावर होते. ती १३२ वरून १०७ वर येते. गेलेले २५ मिलिमीटर म्हणजे खड्डा आणि रिम यांच्यामधली हवा आणि रबर. ती उशी काढून घेतल्याचे रिमला पहिल्या पेव्हर ब्लॉकच्या कडेवर समजते, मालकाला टायरच्या बाजूवर लिंबाएवढा फुगा आल्यावर.

दुसऱ्या मार्गात हिशेब नसतो, ‘भरलेला दिसतो का’ एवढेच पाहिले जाते. त्यातून २०५/६५ आर १५ बसला, तर व्यास ६४७ च्या पुढे जातो, म्हणजे साडेचार टक्क्यांनी वाढतो. चाकाचे फेरे मोजणाऱ्या स्पीडोमीटरला याची खबर नसते. काटा ८० वर असताना गाडी ८३.६ ने धावते. सी-लिंकवरच्या कॅमेऱ्याला ती खबर असते. शिवाय किलोमीटरही कमी मोजले जातात. तेव्हा गाडीने ‘अ‍ॅव्हरेज सोडले’ अशी जी तक्रार पुढे वर्षभर चालते, तिच्यातला काही भाग टायरच्या वजनाचा असतो आणि काही निव्वळ मोजदादीचा.

रुंद टायरने ‘ग्रिप वाढते’ हे या विषयातले आद्य वचन. चालक आणि प्रवासी धरून गाडी १,२०० किलोची मानली, तर एका चाकावर ३०० किलो येतात. टायरमध्ये ३२ पौंड हवा असली, की तेवढा भार पेलायला साधारण १३३ चौरस सेंटिमीटर रबर जमिनीला टेकावे लागते. टपालखात्याचे पोस्टकार्ड १४ बाय ९ सेंटिमीटरचे, म्हणजे १२६. थोडक्यात, गाडी चार पोस्टकार्डांवर उभी असते. टायर रुंद केला आणि हवा तीच ठेवली, तर हे क्षेत्रफळ फारसे वाढत नाही. उभे पोस्टकार्ड आडवे होते, मजकूर तेवढाच राहतो.

आडव्या पोस्टकार्डाचे फायदे खरे आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. वेगात वळताना टायर कमी पिळवटतो, बुटकी साइडवॉल कमी लवते आणि स्टिअरिंगचा हुकूम चाकाला लवकर पोहोचतो. अट वेगाची आहे. शितळादेवीच्या देवळाकडून माहीम चर्चकडे जाणाऱ्या लेडी जमशेटजी मार्गावर वळणात टायर पिळवटण्याइतका वेग मिळणे कठीण. बुधवारी नोव्हेनाची गर्दी, डिसेंबरात दर्ग्याची जत्रा, एरवी दुहेरी पार्किंग. रुंद टायरचे सगळे गुण ८० च्या पुढे प्रकट होतात, माहीममध्ये गाडी १२ ने जाते. १२ च्या वेगाला जाणवतात ते जड झालेले स्टिअरिंग, वाढलेली घरघर आणि प्रत्येक खड्ड्याचे स्वतंत्र अस्तित्व. बुटका टायर खड्डा गिळत नाही, तो पाठीच्या मणक्यांकडे अग्रेषित करतो.

पावसाळ्यात रुंद टायरपुढे पाण्याचा पातळ थर बाजूला सारण्याचे काम अधिक असते, म्हणून तो अरुंद टायरच्या आधी पाण्यावर तरंगू लागतो. ३२ पौंड हवेला ही वेळ साधारण ताशी ९४ किलोमीटरला येते, असे विमानांच्या चाकांवरच्या प्रयोगांतून निघालेले सूत्र सांगते. हिंदमाताला पाणी तुंबते तेव्हा हे सूत्र लागू पडत नाही. तिथे गाडी वेगामुळे तरंगत नाही.

रुंदी वाढली की चाक कुठे तरी बाहेर किंवा आत सरकणार. समजा, साडेपाच इंची रिमच्या जागी सात इंची आली आणि ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून नटांच्या बैठकीचे अंतर, ४५ मिलिमीटरचे ३५ झाले. चाक आतल्या बाजूला ९ मिलिमीटर आणि बाहेर २९ मिलिमीटर वाढते. दुकानात जॅकवरून उतरवल्यावर ते सुरेख बसलेले दिसते. घासते की नाही याची खरी परीक्षा मागच्या सीटवर दोन मावश्या आणि डिकीत त्यांच्या बॅगा गेल्यावर होते. मग आतले प्लॅस्टिकचे लायनर कापणे, मडगार्डची कड आत दुमडणे असे उपचार सुरू होतात. चाक गाडीत बसावे म्हणून गाडी कापण्याची ही पद्धत जगभर आहे. बाहेर सरकलेल्या चाकाने बेअरिंगवर जो तिरपा भार येतो, त्याचे बिल वेगळ्या दुकानात आणि वेगळ्या महिन्यात येते, त्यामुळे दोन्हींचा संबंध सहसा जोडला जात नाही.

सर्वाधिक काळ रुंद चाक ज्या अवस्थेत असते, ती पार्किंगची. माहीमच्या गल्लीत गाडी दिवसाचे बावीस-तेवीस तास उभी असते आणि जागा मिळवण्यासाठी फूटपाथला चिकटूनच उभी करावी लागते. मूळ टायरचे रबर रिमच्या बाहेर फुगलेले असल्याने दगडी कड रबराला लागते. रुंद रिमवर टायर ताणलेला असतो, तेव्हा कड थेट चकाकीला भिडते. नव्या रिमवर पहिला ओरखडा येईपर्यंत मालक गाडी फूटपाथपासून हातभर लांब लावतो आणि गल्लीचे बोलणे खातो. ओरखड्यानंतर उभयपक्षी शांतता नांदते. धूळ आणि कावळ्यांपासून बचावासाठी गाडीला कव्हर घालतात. ते चाकांच्या वरच संपेल इतके आखूड निवडणारेही आहेत, हे या शास्त्राच्या अभ्यासकाने विसरू नये.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफाराला मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या केरळमधल्या प्रकरणातील निकालात ते ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफाराला दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. चार चाके म्हणजे एक फेरफार की चार, हा प्रश्न रसिकांनी आपल्या वकिलाशी बोलावा. त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनीने स्वतः दिलेले माप घेणे, हा यातला निर्धोक मार्ग. स्विफ्टला तो १८५/६५ आर १५ पाशी संपतो, म्हणून तो फारसा लोकप्रिय नाही.

पाचवे चाक या सगळ्यापासून अलिप्त राहते. त्याचे नाव ‘स्टेपनी’ वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून पडले. १९०४ च्या सुमारास तिथल्या एका कंपनीने जादा चाक विकायला काढले होते. डिकीतला खड्डा कंपनीच्या मापाचा असल्याने रुंद चाक त्यात बसत नाही आणि स्टेपनी जुनीच राहते. पंक्चर झाल्यावर गाडी तीन रुंद आणि एका अरुंद पायावर घरी येते. अर्थात रुंद चाक उतरवता आले तर. शोभेच्या नटांना खास चावी लागते आणि ती चोरीच्या भीतीने घरच्या कपाटात सुरक्षित ठेवलेली असते.

काढलेली चार मूळ चाके माळ्यावर जातात. गाडी विकायला काढली, की गिऱ्हाईक ‘कंपनीची चाके आहेत ना?’ असे विचारते आणि ती खाली उतरतात. टायरवरचे रबराचे बारीक केसही शाबूत असतात. फक्त साइडवॉलवरचा चार आकडी शिक्का, समजा २३१९, असे सांगतो की टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यातला आहे आणि माळ्यावर पडल्या पडल्या कडक झाला आहे. त्यावर किमतीत थोडी घासाघीस होते आणि गाडी जाते. रिकाम्या माळ्यावर रुंद चाके चढतात, पुढच्या गाडीला लावण्यासाठी. पुढच्या गाडीला चाराऐवजी पाच नट असतात.