विकायचं नाही हो

रत्नागिरीत निवृत्त झालेल्या माणसाचे तीन रस्ते पूर्वापार ठरलेले आहेत. कोणी हापूसच्या कलमांत शिरतो, कोणी देवस्थानच्या ट्रस्टवर जाऊन भांडणं ओढवून घेतो, आणि उरलेले भाट्याच्या पुळणीवर सकाळी अर्धा तास चालतात व उरलेला दिवस त्याबद्दल बोलतात. अलीकडे यांत चौथी जात निघाली आहे, लाकडी पेनं करणारे काका. बहुतेक बँकेतून किंवा पाटबंधारे खात्यातून सुटलेले. मुलगा पुण्याला किंवा थेट परदेशात, मागची पडवी रिकामी, आणि तिथे ऑनलाइन मागवलेलं छोटं लेथ मशीन. भुवयांवर भुसा दिसला की ओळखावं.

वखारीत पैसे मोजून लाकूड आणणं या काकांना कमीपणाचं वाटतं. लाकडाला घराणं पाहिजे. त्यामुळे ते कोणाच्याही घरी गेले तरी माणसांकडे न बघता सामानाकडे बघतात. समाचाराला गेले, गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द बोलले, की तिसरं वाक्य, "ही झोपाळ्याची फळी शिसवीची ना?" आळीत कोणाचं जुनं घर पाडायला काढलं तर ठेकेदाराच्या आधी हे हजर. तुळई, वासे, चौकट, पाट, काहीही चालतं. काकूंचा एक जुना पोळपाट असाच नाहीसा झाला आणि दिवाळीत भाच्याच्या खिशाला लागलेला दिसला.

सागवान असेल तर ते थिबाचंच असतं. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी 1886 साली इथे आणून ठेवलं आणि त्याचा राजवाडा 1910 साली पुरा झाला, इथवर इतिहास. पुढचं काकांचं. बांधकामातून उरलेलं सागवान म्हणे गावात वाटलं गेलं, आणि त्यातलाच हा तुकडा. अशा सगळ्या काकांचे तुकडे एकत्र केले तर थिबाला आणखी दोन राजवाडे सहज बांधता आले असते.

पण एका लाकडाचं पेन कोणीही करील. काकांचं पेन तुकड्यांचं. फणस आजोळच्या परड्यातला, काळी रेघ झोपाळ्याच्या शिसवीची, तांबूस ठिपका खैराचा, आणि टोकाशी जी फिकट चकती दिसते ती हापूसच्या पेटीची. जे नातेवाईक गेल्या वीस वर्षांत एका पंगतीला बसलेले नाहीत, त्यांची लाकडं इथे गोंदाने एकत्र नांदतात.

यातलं सर्वांत अवघड काम म्हणजे एकमेकींत गुंतलेल्या कड्यांची नक्षी. परदेशात तिला केल्टिक गाठ म्हणतात, काका ब्रह्मगाठ म्हणतात, त्यामुळे मुंजीत द्यायला सोयीची. फणसाचा चौकोनी तुकडा 45 अंशांत तिरका कापायचा, त्या फटीत शिसवीची पातळ पट्टी चिकटवायची आणि गोंद वाळू द्यायचा. दुसऱ्या दिवशी तुकडा पाव फेरा वळवून पुन्हा काप. असं चार बाजूंनी. पट्टी नेमकी करवतीच्या कापाएवढीच जाड हवी, केसभर फरक पडला की रेघा एकमेकींना चुकवून पुढे निघून जातात. मग मधोमध 7 मिलिमीटरचं भोक, त्यात पितळी नळी, आणि लेथवर चढवून कातायचं. शेवटी नळीवर लाकूड उरतं जेमतेम मिलिमीटरभर. बाकी सगळं घराणं भुसा होऊन बंबात जातं. आणि नेमकी शेवटच्या हाताला पटाशी एखाद्या सांध्यात अडकते, खाडकन आवाज होतो आणि ब्रह्मगाठ पडवीभर पसरते.

"गेलं?" काकू आतून.

"गेलं."

"चहा टाकते."

जे पेन यातून वाचतं त्याला पॉलिश पेपरचे हात सुरू होतात. 220 नंबरपासून 2000 पर्यंत, प्रत्येक वेळी गालावर टेकवून बघायचं. त्यावर स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा, किंवा घाईतल्यांसाठी झटपट चिकटणाऱ्या गोंदाचे पातळ थर. या गोंदाने अंगठा आणि तर्जनी जोडली गेली की काका तासभर ध्यानस्थ दिसतात. खरा वैरी पाऊस. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडणाऱ्या गावात जुलैतल्या ओल्या हवेत चपडाही पांढुरका पडतो आणि गोंदही. म्हणून पावसाळ्यात कोणी विचारलं की उत्तर एकच, "दसऱ्यानंतर या." दहावीच्या निकालाचं बक्षीस हातात पडतं तेव्हा पोरगं अकरावीच्या सहामाहीत गटांगळ्या खात असतं.

पेन देण्याचा सोहळा वेगळा. पाकिटासारखं हातात कोंबून मोकळं होणं काकांना जमत नाही. प्रत्येक तुकड्याची वंशावळ ऐकावी लागते, आणि तीही सत्यनारायणाच्या प्रसादाची रांग अडवून. फणस कालांतराने काळवंडतो आणि गाठ दिसेनाशी होते, असं कोणी निरागसपणे म्हटलं, तर "काळवंडत नाही, मुरतो." मुंबईचा एखादा पाहुणा कौतुकाने "केवढ्याला द्याल?" असं विचारून बसला, तर मात्र संपलं. "विकायचं नाही हो!" एवढं बोलून पेन परत डबीत जातं, डबी कपाटात आणि पाहुणा यादीतून बाहेर. वास्तविक त्या पेनाचा सुटा संच, गोंद, पॉलिश आणि विजेचं बिल यांचा हिशेब काकूंच्या डायरीत तारखेनिशी आहे. तो पाहुण्याला कळला असता तर त्यानेही विकत मागितलं नसतं.

गावातल्या बहुतेक शोकेसमध्ये आता असं एक पेन ताजमहालाच्या शेजारी आडवं पडलेलं आहे. क्वचित एखादा शिक्षक ते खरोखर खिशाला लावतो, वर्षभर वह्या तपासतो आणि रिफिल संपल्यावर कोपऱ्यावरच्या दुकानात जातो. तिथे तसली बारीक पितळी रिफिल नसते. म्हणून तो बिचारा पेन घेऊन काकांच्या पडवीत येतो.

काका चष्मा वर करतात. बोटांच्या जागी पॉलिश उडालेलं, क्लिप सैल, टोकाशी निळी शाई.

"म्हणजे," काका अविश्वासाने विचारतात, "तुम्ही यानं लिहिलंत?"