भागीदाराचा पाय

आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त दोन तास टळला तरी नवरदेव वरातीतच असतो. अकोल्याची एसटी कधी येईल, हे देवालाच ठाऊक. पुण्याच्या फ्लॅटमधल्यांना कोथिंबीर मात्र दहा मिनिटांत दारात लागते. ती पोचवता पोचवता बार्शीटाकळीचा एक पोरगा पायात रॉड घेऊन गावी परत आला आहे.

कालंका देवीच्या देवळापाशी भेटला. काखेत कुबडी. विचारलं, "कंपनीनं काय देल्लं?"

"कंपनी कायची भाऊ? आपण त्याइचे पार्टनर आहो न!"

पार्टनर! आमच्याकडे बटईची शेती असते. खर्च वाटून, पीकही वाटून. इथे गाडी पोराची, पेट्रोल पोराचं, मोबाइल पोराचा आणि मोडलेलं हाडही पोराचंच. कंपनीचं काय, तर ॲप. अशी बटई वऱ्हाडातल्या बेरकी सावकारालाही सुचली नाही.

जानेवारी 2026मध्ये केंद्रीय कामगारमंत्र्यांनी घरपोच माल देणाऱ्या कंपन्यांना समजावलं आणि ब्लिंकिटने जाहिरातीतली 'दहा मिनिटं' पुसली. टाळ्या. पण पोरगा जाहिरात वाचून पळत नव्हता. पैसे ऑर्डरमागे, इन्सेंटिव्ह ठरलेल्या फेऱ्या भरल्यावर. रात्री अकराला दोन ऑर्डरी कमी पडत होत्या, म्हणून त्यानं सिग्नल तोडला. हे गणित कुणी पुसलं?

अमेरिकेत डॉमिनोज 'तीस मिनिटांत पिझ्झा' सांगायची. तिच्या गाडीवाल्यानं सिग्नल तोडून एका बाईला धडक दिली. 1993मध्ये ज्यूरीनं कंपनीला सुमारे 7 कोटी 90 लाख डॉलरचा दणका दिला, आणि कंपनीनं तिथली हमी गुंडाळली. आपल्याकडे तीच हमी मोठ्या हौसेनं आली. (डॉलर तिथेच राहिले.)

2022मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. त्यातली 44 टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची. पाठीवर पिशवी असलेली किती? सरकारी अहवालात तसा रकानाच नाही. रकाना नाही म्हणजे भानगड नाही.

कायदा आहे, बरं का! सामाजिक सुरक्षा संहिता 2020ची, लागू झाली 21 नोव्हेंबर 2025ला. कंपन्यांनी उलाढालीचा 1 ते 2 टक्के वाटा कामगारांच्या निधीत टाकायचा. तोही कामगारांना दिलेल्या पैशाच्या 5 टक्क्यांवर जायला नको. संहितेनं पोराला 'गिग कामगार' असं नाव दिलं. 'कर्मचारी' म्हणायला मात्र तिची जीभ अडखळली.

पोरगा आता घरी बसून आहे. ॲप रोज विचारतं, 'आज ऑनलाइन येणार ना?' गाडीचा हप्ता पाच तारखेला कापला गेला, अगदी वेळेवर.