वाटंतच हाय!

पुण्याहून कोल्हापूरला पोचायला किती वेळ लागतो, हे दाजींना विचारू नये. अंतर दोनशे तीस किलोमीटरच्या आसपास. बाकीच्या जगाला चार-पाच तास पुरतात. दाजी गाडीत असले की सकाळी निघालेला माणूस रात्री पोचतो, तोही ठिकठिकाणी जेवून. मागं एका साखरपुड्याला असेच निघालो होतो. पोचलो तेव्हा आचारी भांडी मोजून घेत होता.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. तुमच्याही घरात असे एक असणारच. ड्रायव्हरशेजारची जागा यांची, मांडीवर पिशवी, काच अर्धी खाली आणि तोंडात एकच वाक्य : "वाटंतच हाय."

दाजींच्या हिशेबात महामार्गाच्या दोन्ही अंगांना तीस-तीस किलोमीटर सगळं वाटेतच असतं. त्यापुढचं 'जरासं आत'. खंबाटकी उतरून सुरूर फाटा आला की त्यांचा उजवा हात आपोआप वर होतो. वाईत त्यांचा शाळासोबती. तो घरी नव्हता, धोमला रानात गेला होता. "धोम वाटंतच हाय." कोल्हापूर दक्षिणेला आणि आम्ही पश्चिमेला. मध्ये मेणवली लागली. नाना फडणविसांचा वाडा बघू म्हणून पोरांनी गलका केला. "नाना आता तिथं राहत न्हाईत," असं म्हणून दाजींनी गाडी पुढं घ्यायला लावली. बघण्यासारखं ठिकाण म्हणजे जिथं बसायला सतरंजी टाकतात ते.

माणसं भेटत नाहीत, या एकाच कारणासाठी फास्टॅगवर त्यांचा राग आहे. 2021 साली तो सक्तीचा झाला आणि टोलनाक्यावरचं थांबणं संपलं. पूर्वी रांग लागली की दाजी खाली उतरून मागच्या-पुढच्या गाड्यांत कुणी गाववाला आहे का ते बघून येत. खंबाटकीचा बोगदाही त्यांना आवडत नाही. "बोगद्यात कोण भेटनार?"

आता तुम्ही म्हणाल, आधी फोन करून का जात नाहीत? आम्हीही म्हणायचो. पण दाजींची उभी हयात बँकेच्या वसुली खात्यात गेली. "फोन केला की माणूस घरात सापडत न्हाई," हा त्यांचा तीस वर्षांचा अनुभव. कर्जदाराला लावलेला नियम त्यांनी निवृत्तीनंतर मावशी, साडू आणि व्याही यांनाही लावला. उंब्रजच्या बाजूला एका घरासमोर आमची गाडी थांबली, तर ओट्यावरचा म्हातारा दाजींना बघून तरातरा मागच्या दारानं निघून गेला. दाजी शांतपणे ओट्यावर टेकले. "येईल. कर्ज फिटलंय त्याचं, त्याच्या ध्यानात न्हाई." म्हातारा आला, दोघं कडकडून भेटले आणि आम्ही पिठलं-भाकरी खाऊन उठलो.

पत्ता शोधायला मॅप चालत नाही. फाट्यावरच्या पानटपरीपाशी काच खाली करून दाजी विचारतात, "ज्यांची म्हस गेल्या साली हिरीत पडलेली, त्येंचं घर कुठलं हो?" टपरीवाला पान लावता लावता, वर न बघता सांगतो : तिसरी गल्ली, निळं दार. म्हशीचं मॅपला माहीत नसतं.

मग घरोघरचे पोहे. नको म्हटलं तर चालत नाही, म्हणून 'अर्धा अर्धा'. त्या अर्ध्यावर चमचाभर ओलं खोबरं आणि आग्रहाचा अर्धा. दाजी प्रत्येक ठिकाणी हे दिवसातले पहिलेच पोहे असल्यासारखे खातात. आमची ताई मात्र डिकीचा जमाखर्च सांभाळते. साताऱ्यात ओटीत आलेला खण कराडला जातो, कराडचा इस्लामपूरला. साताऱ्याच्या फाट्यावर घेतलेला कंदी पेढ्यांचा पुडा दोन घरं फिरून एकदा आमच्याकडेच परत आला. नारळांचं तर विचारूच नका; वळणावर ते डिकीत गडगडले की ड्रायव्हर दचकतो.

आणि निघणं! "येतो आमी," असं बसल्या जागी म्हणून अर्धा तास. उठून अर्धा तास. चपलेत एक पाय घातला की जमिनीच्या वाटणीचा विषय निघतो. गाडी सुरू झाल्यावर काच खाली करून विचारायचा प्रश्न दाजींनी मुद्दाम राखून ठेवलेला असतो : "धाकटीचं कुठं जमलं का?" इंजिन पुन्हा बंद. पेठ नाक्याला दिवस मावळतो. तिथून सरळ कोल्हापूर. पण सांगलीत साडू, जयसिंगपुरात साडूचा साडू, आणि इतकं आलोच आहोत तर नरसोबाच्या वाडीला दत्ताचं दर्शन. "वाटंतच हाय." नकाशा त्यांच्यापुढं धरावा, तर ते म्हणतात नकाशा जुना असंल.

असा हा माणूस. मला त्याच्याबद्दल बरं काही लिहायचं नव्हतं.

पण मागच्या खेपेला कराडच्या पुढं त्यांनी गाडी पुन्हा आत घेतली. मी तोंड फिरवून बसलो होतो. घर माझ्या आत्याचं निघालं. माझ्या वडिलांची सख्खी बहीण, नव्वदीला टेकलेली. दाजींचा नुसता आवाज ऐकून ती खाटेवर उठून बसली. "जावईबापू, उशीर केलासा." मग माझ्याकडं बघून त्यांना विचारलं, "ह्यो कोन?" त्यांनी माझं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, तेव्हा तिनं माझी हनुवटी धरली आणि बराच वेळ सोडली नाही. खाटेशेजारच्या देवळीत लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता, सुतळीनं बांधलेला, वर हळदीची बोटं वाळलेली. आमच्या घराण्यातली सगळी लग्नं त्यात होती. "समद्या पोष्टानं आल्या," ती म्हणाली. "हातानं ह्येंनीच तेवढी दिली." दाजींनी घाईघाईनं म्हशीचा विषय काढला.

त्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा काळोख पडला होता आणि यावेळी चपलेत पाय घालून मीच अर्धा तास उभा होतो. दाजी गाडीत बसून हॉर्न वाजवत होते, "चला, अजून दोन घरं ऱ्हायलीत!"

आमच्या घराण्याचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्यावर रोज सकाळी फुलं येतात. कुणी गेलं की दोन मिनिटांत हात जोडलेल्यांची रांग लागते. पण कुणाच्या डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं, कुणाच्या मुलानं नोकरी सोडली, कुठल्या दोन भावांनी बांधावरून बोलणं टाकलंय, हे ग्रुपवर कळत नाही. ते दाजींकडून कळतं, तेही चार तासांचा प्रवास चौदा तासांचा झाल्यावर. बोलणं टाकलेल्या त्या दोन्ही भावांकडं दाजी चहा घेतात, आणि एकाकडची साखर कमी होती हे दुसऱ्याला सांगतात. त्यावर दोघं पहिल्यांदा एकाच गोष्टीला हसले, असं ताई सांगते. ताईचं किती खरं मानायचं हा वेगळा विषय.

दिवाळीनंतर दाजी गुहागरला निघालेत. कराड, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण. त्या पट्ट्यात आपलं कुणी नाही, असं मी त्यांना छातीठोक सांगून ठेवलंय, आणि रात्रीचं जेवण गुहागरला सांगितलंय. तेव्हा तुमचं कुणी पाटण-चिपळूणकडं राहत असेल, तर मेहेरबानी करून दाजींना कळू देऊ नका. आणि कळलंच, तर त्या मंडळींना म्हणावं, दुपारी घरीच थांबा, पोहे भिजवून ठेवा. फोन येणार नाही.